एकशे नववा दिवस

मी मेलेली आहे हे मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात काळ्या पावाचा घास होता, आणि तो मी नीट चावून गिळला, हे मला अजून आठवतं. मंगळवार होता, सकाळचे दहा. खिडकीबाहेर हेलसिंकीचा नोव्हेंबर, म्हणजे धड पाऊस नाही आणि धड बर्फही नाही. टेबलावर कॉम्प्युटरने छापलेली कागदाची लांब पट्टी पडली होती, दोन्ही कडांना भोकं असलेली, आणि तिच्यावर अकरा ओळी. यंत्राला न पटलेल्या तारखांच्या ओळी. कुठे तेरावा महिना, कुठे एकतीस जून. कुणाचं बोट कुठे घसरलं ते शोधायचं आणि पेन्सिलीने दुरुस्त करायचं, एवढंच माझं सकाळचं काम. नववी ओळ, क्रमांक ४११७. जन्म २९ फेब्रुवारी १९५२. मला हसू आलं. बिचाऱ्या यंत्राचा लीप वर्षावर विश्वासच नव्हता. माझाही वाढदिवस तोच, त्यामुळे अशा अविश्वासाची मला सवय आहे. चौतीस वर्षांत मला आठच वाढदिवस आले. हसता हसता डोळे पुढे सरकले. गाव हिएतावारा. गर्भपात १९ नोव्हेंबर १९७१. मृत्यू ७ मार्च १९७२. दिवस १०९. कारण अज्ञात. हिएतावारात त्या दिवशी एकच मूल जन्मलं होतं. सुईण आईला म्हणाली होती, "हिल्मा, पोरगी काटकसरी निघाली, चार वर्षांतून एकदाच केक मागेल."

घास गिळून झाल्यावर मी मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागले. ती सवय मला सहा आठवड्यांपूर्वी लागली होती. झालं होतं असं की आमच्या संस्थेने मोठं काम हातात घेतलं होतं: पूर्वेकडच्या परगण्यांत गर्भपात करून घेतलेल्या बायकांपैकी वर्षभरात किती मेल्या, आणि बाळंत झालेल्यांपैकी किती. दवाखान्यांची यादी एकीकडे, देशाची माणसांची यादी दुसरीकडे, आणि दोन्ही एकमेकींवर ठेवायच्या. नावं काढून टाकलेली, ओळख क्रमांक काढून टाकलेले. प्रत्येकीची फक्त एक ओळ. सहा आठवड्यांपूर्वी पहिला आकडा आला: एकतीस मेलेल्या, म्हणजे बाळंतिणींच्या तिप्पट. प्राध्यापक एस्केलिनेन, आमचे प्रमुख, एरवी जिना चढतानाही घाई न करणारा माणूस, त्या दिवशी कॉरिडॉरमधून जवळजवळ धावत आला होता. सगळे त्या तिपटीबद्दल बोलत होते आणि मी मान हलवत होते, कारण माझ्यात आणि त्या तिपटीत काय नातं आहे ते त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. मी त्या बायकांपैकी एक आहे. मी तिपटीतून वाचले, असं मला वाटायचं. कशी वाचले, कुणाच्या वाट्याचं वाचले, हा प्रश्न घेऊन मी ट्राममध्ये बसायची आणि हातमोजा खाली सरकवून नाडी बघायची. आणि आता इथे स्वच्छ छापलं होतं की मी वाचलेच नव्हते! मनगटाखाली रक्त नुसतं ठोकत होतं. एका मिनिटाला एकशे चार. इतकी जिवंत मी कित्येक वर्षांत नव्हते.

घाबरायला हवं होतं, पण मला आनंद झाला होता, भलताच, चावट आनंद, चर्चमध्ये हसू फुटावं तसा. सात मार्च बहात्तर! मी मेले त्या संध्याकाळी तुर्कूहून स्टॉकहोमला जाणाऱ्या बोटीवर उभी होते आणि मोहरी लावलेलं सॉसेज खात होते. मोहरी कोटावर सांडली होती. वीस वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती, म्हणजे माझ्या हिशेबाने पाच. बरोबर हिरवी पेटी, खिशात स्वीडनमधल्या वेस्टेरोसच्या कारखान्यातली नोकरी आणि गावातल्या चर्चच्या कचेरीने दिलेला स्थलांतराचा कागद. विजेच्या मोटारींमध्ये तारेच्या गुंडाळ्या भरायचं काम. फिनलंडच्या मुलींची एक अख्खी रांगच होती तिथे, एकीलाही स्वीडिश येत नव्हतं आणि सगळ्याजणी दिवसभर बोलत होत्या. त्या रांगेतल्या किती जणींनी येण्याआधी काय काय मागे ठेवलं होतं ते कुणी कुणाला विचारत नसे. बाळ असतं तर बोटीवर चढलं नसतं कुणी. ढकलगाडी, लंगोट, दुधाच्या बाटल्या घेऊन कोण जातं परक्या कारखान्यात? हा विचार मनात आला आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. बाळ असतं तर बोटीवर चढलं नसतं कुणी. बाळंतिणी घरी राहिल्या. आम्ही गेलो.

एकतीसपैकी बाराजणींचं कारण लिहिलेलं होतं. अपघात, आजार, तीन आत्महत्या. एकोणीसजणींचं कारण अज्ञात. या एकोणिसांवर प्राध्यापकांचं एक लाडकं मत होतं आणि ते त्यांनी आम्हाला कॉफीवर दहादा ऐकवलं होतं: या देशात जितके तलाव आहेत तितकीच लाज आहे, मुली पाण्यात गेल्या आणि घरच्यांनी तोंड मिटलं. मृत्यूचे दाखले दुसऱ्या कचेरीच्या तळघरात होते, मागवायला सहा महिने लागले असते, आणि आमचा शोधनिबंध त्याच दिवशी चार वाजता छापखान्यात जायचा होता. बरोबर वर्तमानपत्रांसाठी एक पान, ज्याच्यावर सगळ्यात वर तो 'तिप्पट' होता. निबंधावर तीन नावं होती आणि तिसरं माझं. तुइरे हुओतारी. आयुष्यात पहिल्यांदा कुठे तरी छापून येणार होतं. मी ते मनातल्या मनात छापील अक्षरांत वाचून पाहिलं होतं, एकदा नाही, रोज.

आणि सही. कामाच्या पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सही केली होती की यादीतल्या कुठल्याही ओळीमागचं माणूस आम्ही शोधणार नाही, सापडलंच तर बोलणार नाही, आणि हे मोडलं तर कामावरून दूर. चांगला नियम होता. त्याच्याच भरवशावर मी सहा आठवडे तिथे बसू शकले होते. माझी ओळ कुठे तरी असेल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी एकदाही शोधली नव्हती, देवाशपथ. यंत्रानेच ती आणून माझ्या पावाच्या तुकड्याशेजारी ठेवली.

रौनीकडे गेले. रौनी आमच्याकडे यादीतले खुणांचे आकडे सांभाळते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, विणकाम हातातून न सोडणारी, आणि माहितीच्या कार्डांवर भोकं पाडणाऱ्या जुन्या यंत्रांवर अर्धं आयुष्य काढलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सुया थांबवल्या.

"काय ग? भूत बघितलंस की काय?"

"रौनी, मेलं याची खूण काय?"

"दोन."

"नेहमीच दोन?"

"चौऱ्याहत्तरपासून."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी दोन म्हणजे..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मला दिसलं, कपाळापासून खाली. "त्याआधी दोन म्हणजे गावातल्या माणसांच्या चर्चमधल्या वहीतून नाव कमी. मेला तरी दोन, देश सोडला तरी दोन. पाद्रीबाबांच्या कचेरीतून एकच चिठ्ठी यायची ना. मग चौऱ्याहत्तरला आम्ही देश सोडणाऱ्यांना पाच दिला. पण हे त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला कुणी तरी सांगितलं असेलच."

"सांगितलं होतंस?"

"मला कुणी विचारलं होतं?" रौनी म्हणाली. मग हळूच, "किती आहेत?"

"एकोणीस."

"अरे देवा," ती म्हणाली आणि तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला. आम्ही दोघीही तो काढायला वाकलो नाही.

तिथेच थांबता आलं असतं. रौनीची जुनी खूण पुढे करून, मी बाजूला. पण प्राध्यापकांना मी ओळखून होते; ते म्हणणार, पटेल असं काही दाखवा. मी टेलिफोनच्या खोलीत गेले आणि आईला फोन लावला. का लावला ते नीट सांगता येत नाही. मेल्यावर माणूस आईकडेच जात असेल. फोन वाजत राहिला आणि मी त्या शनिवारात जाऊन पडले. शुक्रवारी दवाखान्यात झालं होतं. दोन डॉक्टरांच्या सह्या, 'सामाजिक कारण' अशी टाइप केलेली ओळ, एक परिचारिका जी पूर्ण वेळ स्वतःच्या गळतीच्या छपराबद्दल बोलत राहिली, आणि त्याबद्दल मी तिचे आजही उपकार मानते. ज्याच्यापासून दिवस राहिले होते तो कॉलेजातला मुलगा बसच्या थांब्यापर्यंत आला होता आणि त्याने मला संत्रं दिलं होतं. शनिवारी बसने घरी. घरी शनिवार म्हणजे सौना, सगळे कपडे काढून घ्यायचं वाफेचं स्नान. बाबा आणि भाऊ आधी गेले, मग आई आणि मी जायचं, जन्मापासूनची रीत. आई टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, मला सर्दी झाली आहे. सर्दीवर सौना हाच आमच्याकडे उपाय, हे मला म्हणून झाल्यावर आठवलं. आईने माझ्याकडे पाहिलं. टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि एकटीच अंगणातून गेली. वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी तिच्या हातात होती. परत आल्यावर तिने मला लोकरीचे मोजे दिले. त्या मोज्यांवर मी पंधरा वर्षं मनात पहारा ठेवून बसले होते, त्यांचा अर्थ कधी लावायचा नाही म्हणून.

"हॅलो!" आई फोनवर ओरडूनच बोलते, हेलसिंकी लांब आहे म्हणून. "कोण मेलं?"

"मीच," मी म्हटलं आणि हसत सुटले. "आई, ऐक. मी स्वीडनला गेले तेव्हा चर्चच्या कचेरीत काय केलं होतं माझ्या नावाचं?"

"रेघ मारली होती. लाल. आपल्या पानावर, बाबांच्या आईच्या खालीच. ती गेली त्याच हिवाळ्यात ना. तिला लाल रेघ आणि तुला लाल रेघ. मी दाखला आणायला गेले तर दिसलं. मी त्या कारकुनाला म्हटलं, माझी पोरगी मेली नाही, कारखान्यात आहे, दर महिन्याला पत्र येतं. तर तो म्हणतो, हिल्माबाई, वहीला दोन्ही सारखंच. मी त्याला म्हटलं, वहीला आई नसते म्हणून."

मग आईला फोनचं बिल आठवलं असावं, कारण ती घाईने म्हणाली, "का विचारतेस?"

"इथे आमच्या कामात ती रेघ आली आहे. मी मेले असं धरलंय. माझ्यासारख्या आणखीही, सगळ्या मिळून एकोणीस. स्वीडनला जाण्याआधी ज्यांनी..."

"माहीत आहे," आई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "सहा बाळंतपणं झाली माझी, तुइरे. सर्दी झालेली पोरगी आणि ती पोरगी, यात मला फरक कळत नाही होय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू मोजे घातलेस ना? मला वाटलं, झालं बोलून." पलीकडे तिने काही तरी चुलीवरून उतरवल्याचा आवाज आला. "आता जा आणि सांग त्यांना. जिवंत माणसाने जिवंत आहे म्हणायला लाजू नये. बटाटे करपतील माझे." आणि तिने फोन ठेवला.

मी त्या छोट्या खोलीत रडले, आणि रडताना सुद्धा आतून काही तरी उड्या मारत होतं. पंधरा वर्षं मी ज्या दाराला पाठ लावून उभी होते ते दार पलीकडून कधीच उघडं होतं, आणि माझी पाठ मात्र दुखून गेली होती. मला आईचा रागही आला. मग त्या संत्र्याची आठवण आली. ते मी सोललंच नव्हतं, वेस्टेरोसपर्यंत नेलं होतं, आणि कारखान्याच्या वसतिगृहात पाचजणींनी मिळून खाल्लं होतं. त्या पाचांतल्या दोघीतिघी नक्की या एकोणिसांत असणार. त्या पाचांतल्या सातूला कोणी सांगितलं आहे का की ती मेली? सातू, जी झोपेत गाणं म्हणायची आणि सकाळी म्हणायची मी नव्हतेच.

दोन वाजता कॉफी. आमच्याकडे आकाश कोसळलं तरी दोन वाजता कॉफी. वेलची घातलेला गोड पाव, निळ्या कडांचे कप, आणि प्राध्यापक एस्केलिनेन टेबलाच्या टोकाला, समोर निबंधाचा लिफाफा, त्याच्यावर छापखान्याचा पत्ता. मी आधी ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, खुणांचं काही तरी बदललं होतं म्हणे. म्हटलं, त्या काळात स्वीडनला बरेच लोक जात. रौनीने जुन्या दोनची हकिगत सांगितली, स्पष्ट, दोन वाक्यांत. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. त्या बुडालेल्या मुलींबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तिथेच तर सगळा घोटाळा होता.

"एखाददुसरी गेली असेल," ते म्हणाले. "पण एकोणीस? तुइरे, 'असेल'वर मी निबंध मागे घेऊ का? तळघरातून दाखले येतील, तेव्हा खाली एक टीप घालू."

"टीप घालायच्या आधी तिप्पट सगळ्या वर्तमानपत्रांत आलेलं असेल. जिने गेल्या महिन्यात केलं असेल ती ते वाचून झोपणार कशी?"

"मला एक दाखव," ते म्हणाले. अगदी शांतपणे, शिकवताना बोलतात तसं. "त्या एकोणिसांतली एक, जी मेलेली नाही. एक दाखव, मी आत्ता फोन करतो."

रौनी कपात बघत होती. तिला कळलं होतं, मला वाटतं, लोकरीचा गुंडा घरंगळला तेव्हाच. माझं हृदय एवढं जोरात चाललं होतं की कपातली कॉफी हलते आहे असं वाटलं. भीती होतीच. पण खरं सांगते, भीतीपेक्षा मला घाई झाली होती, पहिल्यांदाच उंचावरून तलावात उडी मारताना पाय सुटायच्या आधी होते तशी.

"चार हजार एकशे सतरा," मी म्हटलं. "एकशे नवव्या दिवशी मेलेली. कारण अज्ञात."

"तिचं काय?"

"ती तुमच्यासमोर बसून तिसरा पाव खाते आहे."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालताच माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळीपर्यंत ते लाल झाले होते. मी मात्र लाल झाले नव्हते, हे माझं मलाच नवल.

"तू सही केली होतीस," ते शेवटी म्हणाले.

"केली होती. शोधलं नाही मी. पण सापडली आणि बोलले, म्हणजे मोडलाच नियम."

"मग मला तुला या कामावरून काढावं लागेल. निबंधावरचं नावही."

"माहीत आहे."

"मेलेल्या बाईला कामावरून काढता येतं का, ते आधी बघा," रौनी म्हणाली. "आणि त्याच्याही आधी फोन करा, साडेतीनला माणूस येतोय लिफाफा न्यायला."

ते उठले. दारात थांबले, काही तरी म्हणायचं होतं त्यांना, तोंडही उघडलं होतं. "एक दाखव असं मी म्हणायला नको होतं," असं काहीसं पुटपुटले आणि फोनच्या खोलीकडे गेले, जिना नसतानाही एकेक पायरी उतरावी तसे. पाच मिनिटांनी लिफाफा परत टेबलावर आला. पत्त्यावर त्यांनी काट मारली होती, आणि रौनीने ती पाहून "लाल नाही, बरं झालं," असं म्हटलं. मी तिला लाल रेघेबद्दल अजून सांगितलंच नव्हतं. त्या रेघा तिने हजारोंनी पाहिल्या असणार.

मला क्षयाच्या जुन्या याद्यांवर बसवलं. दुसरा मजला, खिडकी अंगणाकडे. निबंधावर दोनच नावं राहिली, आणि त्याचं दुःख झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. रात्री अंथरुणात मी ते तिसरं नाव अजूनही कधी कधी छापून बघते. यादी स्टॉकहोमला गेली. उत्तर यायला फेब्रुवारी उजाडला. मला ते पाहायची परवानगी नव्हती, आणि रौनीनेही नियम मोडला नाही. ती नुसती खाली आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आकडा उद्या छापूनच येणार आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. अठरा."

अठरा! मी खिडकी उघडली, उणे बारा असताना. अठराजणी, कुणी वेस्टेरोसला, कुणी योटेबोरीला, कुणी माझ्यासारखी परत आलेली, कुणाला आता दोन मुलं, कुणी त्याच क्षणी बसची वाट बघत पाय आपटत असेल. त्या मेल्या होत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि उठल्या हेही ठाऊक नव्हतं. तिप्पट गेलं. उरलं ते सव्वापट, आणि ते मात्र खरं होतं. बाराजणी खरोखरच गेल्या होत्या, त्यांतल्या तीन स्वतःहून, आणि त्यांच्या ओळींवर कुठल्याही बोटीचा उपाय नव्हता. मला त्यांची नावं माहीत नाहीत. कधी कळणारही नाहीत, आणि ते तसंच हवं. रौनी मागे वळली तेव्हा मी विचारलं, "आणि एकोणिसावी?" तिने खांदे उडवले. कुठेच नाही, ना इथे, ना तिथे.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. पहिल्या घंटीलाच उचलला तिने. बटाट्यांची वेळ नव्हती. मी ओरडले, या वेळी मीच, "आई, अठरा! अठराजणी जिवंत आहेत!" आईने तो आकडा मनात घोळवल्याचं मला ऐकू आलं. बाबांना सांगितल्याचंही ऐकू आलं. बाबांना काय कळलं देव जाणे, पण ते "वा वा" म्हणाले.

"एकोणीस म्हणाली होतीस," आई म्हणाली.

"एकीचा पत्ता लागत नाही. शोधताहेत अजून. नॉर्वेला विचारलंय."

"मग ठेव बघू फोन," आई म्हणाली. "लाइन मोकळी राहू दे. तिच्याही घरी कुणी तरी बसलं असेल."